एका पद्मिनीचा आतला साज उतरवताना

ठाण्यात जुन्या गाडीचे इंजिन उघडून ते नीट बसवून देणारा मिस्त्री आजही सापडतो; पण १९७६ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या दाराचे मूळ डोअर पॅड, म्हणजे दाराला आतून लावलेले हार्डबोर्डाचे आवरण, कुठे मिळेल असे विचारले, तर तोच मिस्त्री नकारार्थी मान हलवतो. वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच हा फरक माझ्या लक्षात आला. पिस्टन, क्लच प्लेट, ब्रेकचे रबर असे झिजणारे भाग टॅक्सींच्या जोरावर वर्षानुवर्षे बनत राहिले आणि काही दुकानांच्या फळ्यांवर अजूनही शिल्लक आहेत. आतल्या साजाचे तसे झाले नाही. टॅक्सीवाल्याला मूळ रंगाच्या रेक्झिनशी काही कर्तव्य नव्हते. सीट फाटली की तो हाती येईल ते कापड चढवी, छताला फुलाफुलांचे आवरण लावी, आणि उतरवलेले जुने सामान कचऱ्यात जाई. वीस वर्षांची मुदत संपून मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली, तेव्हा त्या ताफ्यात मूळ अवस्थेतले आतले सामान जवळजवळ उरलेलेच नव्हते.

आमची गाडी पाचपाखाडीत इमारतीखाली आठ पावसाळे उभी होती. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपून तिच्या आतल्या भागाचा पार लगदा झाला होता, आणि त्याआधीही कधीतरी सीटवर तपकिरी मखमल चढवली गेली होती. म्हणजे तिचे मूळ रूप कसे होते हे सांगायला माझ्याकडे वडिलांच्या आठवणी आणि दोन काळे-पांढरे फोटो यांखेरीज काहीच नव्हते. नुसते सुटे भाग मिळवून माझे काम भागणार नव्हते. ज्यावरून मापे घेता येतील, अशी एक अख्खी गाडी मला हवी होती.

ती नौपाड्यात मिळाली. घंटाळीच्या बाजूला एक तीन मजली इमारत पुनर्विकासाला जात होती आणि मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये १९७८ ची एक पद्मिनी उभी होती. मालक जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, मला आत बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, “भंगारवाला दोनदा येऊन गेला. तो म्हणतो, जागेवरच कापून नेतो. ह्यांनी गाडी इतकी जपली होती, मला ते बघवणार नाही. तुम्ही नीट काढून नेणार असाल तर तुम्हीच घ्या.” व्यवहार अठरा हजारांना ठरला. पैसे देण्यापूर्वी मी नोंदणी रद्द झाल्याचे पत्र मात्र मागून घेतले. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांच्या आत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ मध्ये सांगितले आहे. अनेक घरांत हे राहून जाते आणि मग सुटे भाग घेणाऱ्याच्या गळ्यात नको ते प्रश्न येतात. काकूंकडे ते पत्र फाइलीत व्यवस्थित लावलेले होते. इमारत ३१ मे रोजी रिकामी करून द्यायची होती, त्यामुळे माझ्या हाती मे महिन्यातले चार रविवार होते.

मी तीस वर्षे वागळे इस्टेटमध्ये ड्राफ्ट्समन म्हणून काम केले. यंत्र जोडताना लागणारा क्रम कागदावर उतरवणे हा माझ्या नोकरीचा मोठा भाग होता, आणि सुटे करण्याचे काम म्हणजे तोच क्रम शेवटाकडून वाचणे होय, असे मी मानतो. कारखान्यात जो भाग सर्वांत शेवटी बसला, तो सर्वांत आधी निघतो. एखादा भाग निघत नसेल तर बहुतेक वेळा त्याच्यावर बसलेला दुसरा भाग आपल्या नजरेतून सुटलेला असतो. अशा वेळी जोर लावला की काहीतरी मोडते, आणि जे मोडते ते आता पुन्हा बनत नाही. म्हणून पहिला रविवार मी पाना हाती घेतलाच नाही. चारही दारे उघडून गाडीला हवा लागू दिली, मागच्या सीटखाली उंदरांनी केलेले घर दिसल्यामुळे तोंडाला मास्क आणि हातांत मोजे घालून तिथे फिनाइलचे पाणी शिंपडले, कारण कोरडी घाण झटकली की ती श्वासावाटे आत जाते. मग भाच्याला बॅटरी धरायला सांगून प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढले आणि वहीत आतल्या भागाची सहा रेखाचित्रे केली. फोटोत काय आहे ते दिसते. कशाच्या खाली काय दडले आहे ते चित्र काढताना विचार करावा लागतो म्हणून समजते.

हत्यारांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पद्मिनीचे मूळ इटलीच्या फियाटचे, म्हणून तिचे नटबोल्ट मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचे आहेत, तर अॅम्बेसेडरचे मूळ इंग्लंडच्या मॉरिसचे, म्हणून तिला इंची पाने लागतात. जुन्या गॅरेजांत दोन्ही पाने एकाच पेटीत पडलेली असतात आणि जवळपासच्या मापाचा पाना लावून बोल्टचे डोके गोल करून ठेवण्याचे प्रकार सर्रास झालेले दिसतात. या गाडीच्या पुढच्या सीटचे दोन बोल्ट असेच कुणीतरी खराब करून ठेवले होते.

दुसऱ्या रविवारी मागच्या सीटपासून सुरुवात केली. तिची बैठक कशानेही आवळलेली नव्हती; पुढची खालची कड मागे रेटून वर उचलली की ती सुटून हाती आली. पाठ खाली बोल्टने धरलेली आणि वर आकड्यांत अडकवलेली होती, ती वर सरकवून काढली. पुढची अखंड सीट मात्र सोपी गेली नाही. तिचे रूळ ज्या बोल्टांनी तळाच्या पत्र्याला धरलेले होते, ते ठाण्याच्या दमट हवेत पत्र्याशी एकजीव झाले होते. असा बोल्ट उलटा फिरवण्याची घाई केली तर तो तुटतो किंवा पत्र्यातला नट सुटून आतल्या आत फिरू लागतो. मी तारेच्या ब्रशने गंज घासला, तेल सोडले, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके दिले आणि तासभर दुसरे काम केले. नंतर पाना लावून बोल्ट आधी किंचित घट्ट करून पाहिला. त्याने गंजाची पकड मोडते, आणि मग पाव फेरा मागे, पुन्हा थोडा पुढे, असे करत तो बाहेर येतो. सहा बोल्ट असे निघाले. गोल झालेले दोन मात्र शेवटी हॅकसॉच्या पात्याने कापावे लागले.

सीट घरी आणून गच्चीवर उलगडली तेव्हा या सगळ्या खटाटोपाचे पहिले खरे फळ मिळाले. वर निळे रेक्झिन होते. ते उसवले तर खाली चॉकलेटी रेक्झिन निघाले. त्याच्याही खाली, काथ्याच्या थराला चिकटलेले, करड्या रंगाचे तिसरे आवरण होते, जागोजागी विरलेले, पण उभ्या शिवणींच्या पट्ट्यांसह शाबूत. वडील म्हणत तो “राखाडी रंग” तो हाच. दोन्ही वेळच्या कुशनवाल्यांनी जुने आवरण काढण्याचे श्रम वाचवले होते, आणि त्यांच्या त्या कंटाळ्यानेच मूळ शिवण जिवंत राहिली. मी प्रत्येक पट्टीची रुंदी, कडेच्या गोटाची जाडी आणि शिवणीतील टाक्यांचे अंतर मोजून घेतले. करडे आवरण मी शिवणीवर ब्लेड चालवून तुकड्या-तुकड्याने सोडवले आणि प्रत्येक तुकड्यावर तो कुठला, कोणती बाजू वर, हे लिहून ठेवले. ते आवरण पुन्हा कधीही सीटवर चढणार नाही. पण नवे कापड बेतण्यासाठी त्याच्याइतका खात्रीचा आधार दुसरा नाही.

इथूनच माझे प्राधान्यक्रम बदलले. आधी मी चांगल्या भागांची यादी घेऊन गेलो होतो: आतला आरसा, दारांची हँडले, मीटर, स्टिअरिंग. आता कुजलेल्या भागांकडेही तितक्याच लक्षाने पाहू लागलो. क्रोमचा एखादा चांगला भाग कधीतरी, कुठेतरी, जास्त पैसे देऊन मिळेल. पण पाण्याने फुगलेल्या हार्डबोर्डाच्या कडेचा बाक आणि त्यावरच्या भोकांच्या जागा विकत मिळत नाहीत.

दारांचे काम मला सर्वांत आवडले, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. काच वरखाली करण्याचे हँडल स्क्रूने धरलेले दिसत नाही, आणि त्यामुळेच ते पेचकस घालून उचकटले जाते. डोअर पॅडवर हँडलाभोवती जे चंद्रकोरीसारखे व्रण दिसतात ते त्या उचकटण्याचेच असतात. या गाडीत हँडलाच्या मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप होती. सुती कापडाची एक लांब पट्टी हँडल आणि चकती यांच्या मध्ये सरकवायची, दोन्ही टोके हातांत धरून बूट पुसल्यासारखी इकडून तिकडे ओढायची, की कापड क्लिपच्या टोकात अडकते आणि क्लिप टणकन बाहेर उडते. ती उडून हरवू नये म्हणून भाच्याने हँडलावर जुना रुमाल धरला होता. पहिली क्लिप रुमालात पडल्यावर तो म्हणाला, “मामा, एवढ्याशा तारेवर अख्खे हँडल धरून होते?” होते खरे, आणि जवळपास पन्नास वर्षे धरून होते.

हँडले आणि हाताच्या टेकूचे स्क्रू निघाल्यावर डोअर पॅड कडेच्या स्प्रिंग क्लिपांवर उरते. इथे रुंद आणि पातळ पात्याचे काहीतरी हवे. मी रंगाऱ्याची पट्टी वापरली. पट्टी क्लिपच्या अगदी लगत सरकवून तिथेच दाब द्यायचा. दोन क्लिपांच्या मधोमध ओढले की क्लिप दारात राहते आणि हार्डबोर्डाचे भोक फाटते. चारपैकी तीन पॅडे अखंड निघाली. चौथ्याची, म्हणजे डावीकडच्या मागच्या दाराची, खालची चार बोटे रुंदीची कड हातात घेताच भुसा होऊन गळली.

ती कड का कुजली, हे दार उघडे पडल्यावर लगेच समजले. पावसाचे पाणी काचेच्या बाहेरच्या पट्टीपाशी दारात उतरणारच. ते आतून खाली वाहून दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जावे अशी मुळातच सोय असते. पाणी वाहताना हार्डबोर्डाला लागू नये म्हणून दाराच्या पत्र्यावर आतून डांबरी कागद चिकटवलेला असतो. तीन दारांत तो कागद होता. चौथ्या दारात कधीतरी काचेचे मशीन दुरुस्त झाले होते आणि ते करणाऱ्याने कागद फाडून टाकला, परत लावलाच नाही; शिवाय तळाची भोके चिखलाने बुजली होती. त्यामुळे पाणी साचले, हार्डबोर्डाने ते शोषले आणि दाराचा तळपत्राही सडला. जुन्या गाडीच्या दाराचे कुठलेही काम करून घेणाऱ्या प्रत्येकाने मिस्त्रीला तो कागद परत लावायला सांगावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जाड पॉलिथिनचा तुकडाही चालतो. खर्च काही रुपयांचा आहे, आणि तो टाळल्यामुळे जाणारे दार हजारो रुपयांतही मिळत नाही.

गळालेल्या कडेचे काय करावे हा प्रश्न होता. उजवीकडच्या मागच्या दाराचे पॅड कागदावर ठेवून त्याची कड पेन्सिलीने आखली आणि कागद उलटा करून डावीकडच्या उरलेल्या भागावर लावून पाहिला. क्लिपांची भोके जुळली. अशा रीतीने चारही दारांचे पुठ्ठ्याचे साचे तयार झाले. काचेचे मशीन काढण्यापूर्वी काच पूर्ण वर नेऊन लाकडी पाचर मारून ठेवली होती, कारण मशीन सुटले की काच आपल्या वजनाने दारात कोसळते. पुढच्या दारांतल्या त्रिकोणी झडपेच्या काचा त्यांच्या रबरासकट तशाच चौकटीत ठेवून काढल्या. झडपेचे रबर कडक झाले असले तरी त्याचा आकार टिकला होता.

तिसऱ्या रविवारी डॅशबोर्ड उघडला. बॅटरी गाडीत नव्हतीच. असती तर तिची तार सोडवणे हे सर्वांत पहिले काम ठरले असते. मीटरच्या मागे हात जेमतेम पोहोचतो. स्पीडोमीटरच्या केबलचा खाचांचा गोल नट हातानेच फिरतो, पक्कड लावण्याचा मोह टाळावा. मीटरची आडवी काचपट्टी आणि तिच्यातले आकडे इतके सुरेख राहिले होते की ते पेटीत ठेवताना मी आपल्या जुन्या धोतराच्या दोन घड्या त्याच्याभोवती गुंडाळल्या.

स्टिअरिंग काढताना एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. मधला नट पूर्ण काढायचा नाही. तीन-चार आटे धरून ठेवायचा. चाक दांड्यावरच्या खाचांत घट्ट बसलेले असते, आणि आपण दोन्ही हातांनी ओढत असताना ते एकदम सुटले तर थेट तोंडावर येते. नट जागेवर असेल तर ते तिथेच अडते. गिअरचा दांडा याच स्टिअरिंगच्या नळीवर असल्यामुळे त्याच्या जोडण्या आणि बुश, म्हणजे सांध्यांत बसणाऱ्या छोट्या नळ्या, हेही मी सोबतच उतरवले. आमच्या गाडीचा गिअर नेमका याच बुशांच्या झिजेमुळे ढिला पडला आहे.

वायरिंगबाबत माझ्याकडून चूक झाली आणि ती नोंदवणे मला आवश्यक वाटते. भंगारवाले वायरिंग कापून काढतात, कारण त्यांना आतले तांबे हवे असते. मला ते अखंड हवे होते. प्रत्येक टोक सोडवताना मी औषधाच्या दुकानातल्या पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव लिहून वायरीला गुंडाळले. मे महिन्यातल्या ठाण्याच्या घामट हवेत, पत्र्याच्या शेडखाली आणि नंतर माझ्या गॅलरीत, त्या पट्ट्यांचा गोंद आठवड्याभरात सुटला. पुढच्या शनिवारी पेटी उघडली तेव्हा तळाशी चिठ्ठ्यांचा ढीग पडला होता आणि वरती निनावी वायरी. वायरींचे रंग पुसट झाले होते, काहींवर तर उंदरांनी आवरणच ठेवले नव्हते. पहिल्या रविवारची रेखाचित्रे आणि भाच्याच्या फोनमधले फोटो समोर ठेवून, दिव्याची बॅटरी आणि छोटा बल्ब लावून एकेक वायर टोकापासून टोकापर्यंत तपासत, मला दोन रात्री बसावे लागले. आता मी पत्र्याचे छोटे तुकडे कापून त्यांवर खिळ्याने क्रमांक ठोकतो, ते सुतळीने बांधतो आणि क्रमांकांची यादी वहीत ठेवतो.

चौथा रविवार छताच्या लायनिंगसाठी राखला होता आणि मनात त्याचीच सर्वांत जास्त धास्ती होती. लायनिंगच्या पुढच्या आणि मागच्या कडा काचांच्या रबराखाली दाबलेल्या होत्या, म्हणजे लायनिंग अखंड हवे असेल तर आधी काचा काढणे भाग होते. पुढची काच टफन्ड प्रकारची होती. अशा काचेच्या पृष्ठभागावर दाब चालतो, पण कडेला एक टणका बसला तर क्षणात तिचे हजार तुकडे होतात. रबर गरम पाण्याने शेकून मऊ केले. मग भाचा आत पाठीवर आडवा झाला, जाड मोजे घातलेल्या पायांचे तळवे काचेच्या वरच्या कोपऱ्याला टेकवले आणि मी बाहेरून रबराची कड लाकडी पट्टीने पत्र्यावरून सोडवत गेलो. “जोर नको, नुसता भार दे,” असे मी त्याला सांगत होतो. पाऊण तासाने काच रबरासकट माझ्या आणि शेजारच्या वॉचमनदादांच्या हातांत उतरली. एकट्याने हे काम करू नये.

पद्मिनीचे लायनिंग छताला चिकटवलेले नसते, ते लोखंडी काड्यांवर टांगलेले असते. कापडाच्या पाठीला आडवे नेफे शिवलेले असतात, त्यांतून काडी जाते आणि काडीची दोन्ही टोके छताच्या बाजूच्या पट्टीतल्या भोकांत बसतात. दिसायला सगळ्या काड्या सारख्या वाटल्या तरी छताचा बाक पुढून मागे बदलत जातो, त्यामुळे प्रत्येक काडीची लांबी आणि कमान वेगळी असते. त्यांची अदलाबदल झाली तर नवे लायनिंग कितीही ताणले तरी एका जागी झोळी येते आणि दुसऱ्या जागी शिवण तुटते. चांगल्या दुकानांतून झालेल्या कामांतही हा दोष मी पाहिला आहे. म्हणून काडी भोकातून काढण्याआधीच तिच्या उजव्या टोकाला कानशीने खाचा केल्या, सर्वांत पुढचीला एक, तिच्या मागचीला दोन, याप्रमाणे. चिकटपट्टीचा अनुभव ताजा होता. शिवाय प्रत्येक काडी पट्टीतल्या कुठल्या उंचीच्या भोकात होती तेही लिहिले, कारण एका काडीला एकाखाली एक दोन भोके होती आणि वरच्या भोकाभोवतीच घासल्याची खूण होती.

दुपारच्या उन्हात शेडचा पत्रा तापला होता. त्या उकाड्याने आमचा जीव काढला, पण कापडाला त्याचा उपयोग झाला. कडांचा वाळलेला गोंद किंचित सैल पडला आणि थंडीत जे तडकले असते ते कापड चिंध्या न होता निघाले. दोन ठिकाणी ते फाटलेलेच होते. मधोमध दिव्याच्या भोकापाशी जुन्या गळतीचा तांबूस डाग होता. तरीही एक अखंड चादर हातात आली, आणि ती अंगणात वर्तमानपत्रांवर पसरून पाहताना जो आनंद झाला तो मी लपवणार नाही.

उरलेल्या कामाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. रबरी मॅटखालचे तागाचे नमदे कुजून गेले होते; त्यांची बाह्यरेषा कागदावर घेतली आणि ते टाकून दिले. तळपत्र्यावरचे डांबरी थर उन्हात चिकट झाल्याने खरवडत बसलो नाही, कारण तो पत्रा पुढे कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. सन व्हायझर, आतल्या दिव्याची काच, दारांच्या चौकटीवरच्या पट्ट्या आणि दारांची रबरे वेगळ्या पिशव्यांत भरली. कप वॉशरसह, म्हणजे डोक्याखालच्या वाटीसारख्या चकतीसह, निघालेले क्रोमचे स्क्रू जुन्या औषधांच्या बाटल्यांत, ज्या भागाचे त्या भागाच्या नावाने ठेवले. नवे स्क्रू आणले तर डोक्याचा घाट वेगळा येतो आणि जाणत्या नजरेला तो लगेच खटकतो.

सगळेच मला लागणार नव्हते. डिलाइट या नावाने १९६४ पासून कुर्ल्यात बनू लागलेली ही गाडी १९७४ मध्ये पद्मिनी झाली, नाव बदलले तरी मूळ बांधणी तीच राहिली, त्यामुळे सुट्या भागांची गरज असणारी माणसे दोन्ही पिढ्यांच्या गाड्यांची होती. ऐरोलीच्या एका गृहस्थांनी मागच्या सीटचा स्प्रिंगचा सांगाडा नेला. कळव्याच्या एका तरुणाला, ज्याच्या आजोबांची गाडी आहे, पुढच्या दोन्ही झडपांच्या काचा दिल्या. पैसे घेतले, पण माझा खर्च भरून निघेल इतकेच. दोघांनाही माझे पुठ्ठ्याचे साचे आखून नेऊ दिले. साचे स्वतःजवळ दडवून ठेवून भाव वाढवणारे लोक या छंदात आहेत, आणि मला ते मनापासून अमान्य आहे. शिल्लक गाड्या इतक्या थोड्या असताना माहिती अडवून ठेवणे म्हणजे त्या गाड्यांचेच नुकसान करणे आहे.

२९ मे रोजी सांगाडा नेण्यासाठी नोंदणीकृत भंगार केंद्राचा ट्रक आला. काकू तोवर मुलीकडे डोंबिवलीला राहायला गेल्या होत्या, पण त्या दिवशी मुद्दाम आल्या. आत डोकावून त्यांनी विचारले, “सगळं निघालं का हो?” मी होय म्हणालो आणि मीटर, स्टिअरिंग, आरसा कुठे बसणार आहे ते सांगितले. आरसा त्यांनी मागून घेतला. मला तो हवा होता, कारण आमच्या गाडीतल्या आरशाचा पारा गेलेला आहे. पण तो द्यायचा नाही असे म्हणण्याचा मला काहीच अधिकार नव्हता. त्यांनी तो पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला.

पावसाळा सुरू झाला तेव्हा माझी गॅलरी आणि मागची खोली पेट्यांनी भरली होती. दर आठवड्याला पेट्या उघडून हवा देणे, लोखंडी भागांना तेलाचा हात फिरवणे आणि रेक्झिनच्या तुकड्यांवरची बुरशी कोरड्या फडक्याने पुसणे हे काम चार महिने चालू ठेवावे लागले. गणपती झाल्यावर राबोडीतल्या एका वयस्क कुशनवाल्याकडे करडे आवरण, चार डोअर पॅडचे साचे आणि लायनिंग घेऊन गेलो. त्यांनी आधी लायनिंगच उलगडले, पाठीकडचे नेफे बोटांनी चाचपले आणि काड्यांच्या खाचा मोजल्या. “हे टाकून दिलं नाहीत ते बरं केलंत,” एवढेच ते म्हणाले. मग दुकानाच्या फरशीवर नवे कापड अंथरले, त्यावर जुने लायनिंग उलटे ठेवून चारही कोपऱ्यांना वजने ठेवली, आणि शिवणीसाठी अर्धा इंच जास्त धरून पुढच्या कडेपासून खडूची रेघ मारायला सुरुवात केली.